डावीकडचं शून्य

अथणीकर सरांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, डावीकडच्या शून्याला किंमत किती? तो डोळे न उघडता सांगेल, "काही नाही, सर." सरांनी मिरजेत जन्मभर गणित शिकवलं आणि हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं की गावात त्याची शिवीच होऊन बसली. बाकावर नुसता बसून राहणारा मुलगा म्हणजे डावीकडचं शून्य. लग्नात फेटा बांधून मिरवणारा, पण पंगतीत वाढायला न उठणारा मामा, तोही डावीकडचं शून्यच. असला काय, नसला काय!

सरांच्या घरात ही पदवी मुलाकडे, श्रेयसकडे होती. बारावीला गणितात तो कसाबसा पास झाला, त्या रविवारी पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. सर म्हणाले, "ही आमची गार्गी, इंजिनिअर होणार. आणि हा धाकटा. डावीकडचं शून्य." पाहुणे हसले. श्रेयसही हसला. काय करणार बिचारा? पण त्या दिवशीचा पोह्यांचा घास पुढे कित्येक वर्षं त्याच्या घशात तसाच होता.

आणि गंमत बघा, या पोरानं नाव काढलं ते नेमकं शून्यावरच. पुण्यातल्या एका कंपनीत त्यानं एक प्रणाली रचली, 'घडी' नावाची. हल्ली एकेका दवाखान्यात शेकडो छोटी यंत्रं असतात. प्रत्येकात हजारो फायली, आणि कुठली फाईल कुणी वाचायची, कुणी लिहायची, याचे नियम वेगळे. हातानं एकेक यंत्र लावत बसलात तर जन्म पुरायचा नाही. घडीला एकदाच सांगायचं, अमुक असं हवं. मग ती स्वतः फिरून सगळीकडे तसं करते, आणि कुठे विस्कटलं तर पुन्हा बसवते. अंथरुणाच्या चादरीसारखं.

घडीतला परवानग्यांचा भाग श्रेयसनं स्वतः लिहिला होता. तो समजायला सोपा आहे. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. यांची बेरीज करून तीन आकडे लिहायचे. पहिला फाईलच्या मालकाचा, दुसरा त्याच्या घरच्या माणसांचा म्हणा, तिसरा बाहेरच्या सगळ्यांचा. सहा-चार-शून्य म्हणजे मालक लिहील-वाचेल, घरचे नुसते वाचतील, बाहेरच्यांना दार बंद. फक्त ही मोजणी दहाच्या नव्हे, आठाच्या गठ्ठ्यांत चालते, आणि ते यंत्राला कळावं म्हणून आकड्याच्या डावीकडे एक शून्य द्यावं लागतं. ते शून्य राहिलं की यंत्र आकडा साधा समजतं आणि वाटणी भलतीच होते.

श्रेयसच्या हाताखाली सानिया बारगीर नावाची सांगलीची मुलगी होती. मान खाली घालून 'हो सर' म्हणणाऱ्यातली नव्हे. ती एकदा म्हणाली, "सर, इथे कुणी सुरुवातीचं शून्य विसरला तर?"

"तर घडी तो आकडा साधा समजेल. नियम स्पष्ट आहे."

"पण मग भलतीच परवानगी लागेल ना! निदान थांबून विचारू या, 'शून्य राहिलं का?' म्हणून. मी लिहून ठेवलंय, चारच ओळी आहेत."

"सानिया, आपण बालवाडी चालवतोय का?"

"माणूस विसरतो, सर."

"विसरणाऱ्यानं भोगावं," श्रेयस म्हणाला आणि त्यानं तिच्या चार ओळी काढून टाकल्या.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय! पण त्याच्या मनातलं सानियाला कुठून कळणार? डावीकडच्या शून्यावाचून पान हलत नाही असं एक जग त्याला सापडलं होतं, आणि त्या जगात कुणालाही सूट द्यायची त्याची तयारी नव्हती.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सरांना मज्जातंतूंचा आजार जडला. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली, शेवटी पापण्यासुद्धा ताब्यात राहिल्या नाहीत. श्वासाला व्हेंटिलेटर लागला. बुद्धी मात्र लख्ख. मिरजेतल्या एका रुग्णालयात त्यांच्या मेंदूवर 'वाणी' बसवली. आपण मनात एखादा शब्द बोलायला घेतो तेव्हा मेंदूचा एक कोपरा, जीभ हलो न हलो, तो शब्द जुळवतच असतो. वाणीची बारीक जाळी तिथले विजेचे ठोके टिपते. एक प्रोग्रॅम त्यांचे शब्द करून फाईलमध्ये लिहितो, दुसरा प्रोग्रॅम ती फाईल वाचून मोठ्यानं बोलतो. सरांच्या जुन्या तासांची रेकॉर्डिंग मिळाली होती, त्यामुळे आवाजही त्यांचाच लागला. पहिल्या दिवशी त्या आवाजानं कांबळे सिस्टरांना विचारलं, "पंखा एकवर ठेवून कुणाचं भलं झालंय?" गार्गीताई रडली आणि हसली. श्रेयसही पुण्याहून दर शनिवारी येऊ लागला.

मग एका दुपारी सरांनी कांबळे सिस्टरांना फोन लावायला सांगून श्रेयसशी बोलणं केलं. "श्रेयस, मी बोलतो ते त्या यंत्रवाल्या कंपनीची माणसंही वाचतात म्हणे. खरं का?"

श्रेयसनं पाहिलं. खरंच बाहेरच्यांना वाचायची मुभा होती. रुग्णालयात घडीच वापरात होती आणि बाबांच्या यंत्राची देखरेख त्यानं आपल्याकडे मागून घेतली होती. "बाबा, एका मिनिटात बंद करतो."

"कर. माझ्या तोंडचं माझ्या माणसांनी ऐकावं. परक्यांनी कशाला? आणि नीट कर. घाईत करतोस तू, शाळेपासूनची सवय तुझी."

"हो बाबा."

बापाचा आवाज कानात असला की माणूस पुन्हा शाळकरी होतो. श्रेयसनं पुण्यात बसून, फोन कानाशी धरून, आकडा भरला. सहाशे चाळीस. एखादा शाळकरी पोरगा लिहील तसा, आधी शून्य न देता. घडीनं विचारलं नाही, कारण विचारणाऱ्या चार ओळी त्यानंच काढल्या होत्या. रात्री ठरल्या वेळी घडी मिरजेत फिरली आणि तिनं तो आकडा बसवला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. त्याच रात्री सरांना सणकून ताप भरला होता. सकाळी वाणीच्या पडद्यावर दोनच शब्द होते, 'शब्द नाहीत'. ताप उतरला तरी तेच.

डॉक्टर म्हणाले, "तापात मेंदूच्या भाषेच्या भागाला धक्का बसला असावा. जाळीवर ठोके दिसताहेत, पण ती रेडिओची खरखरही असू शकते." घडी नेहमीप्रमाणे हिरवा दिवा दाखवत होती. सगळं सांगितल्याप्रमाणे होतं ना! श्रेयसनंही तो दिवा पाहिला आणि यंत्राला बोल लावला नाही. आपल्या हातचं कोण तपासतो?

तीन आठवडे असेच गेले. आधी लोक सरांशी बोलायचे, मग सरांसमोर बोलू लागले. माणूस ऐकत नाही असं ठरलं की तोंडाला धरबंध राहत नाही. कुणी म्हणालं, सुटले तर बरं. त्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी खोलीत कुणी नसताना श्रेयस खाटेशी बसला आणि बोलून गेला, "बाबा, खरं सांगू? तुमचा आवाज बंद झाला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. आता मला डावीकडचं शून्य म्हणणारं कुणी उरलं नाही."

बोलल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. पण ऐकलं कुणी? कुणीच नाही, असं म्हणून त्यानं तोंड धुतलं.

बुधवारी डॉक्टरांनी दोघा भावंडांना खाटेच्या पायथ्याशीच बोलावलं. व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, हे वाणी असलेला रुग्ण असेल तर कायदा रुग्णालाच विचारतो. रुग्ण गप्प झाला तर घरच्यांना. गार्गीताई खूप वेळ बाबांच्या पायांवरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "नको त्यांचे हाल आता." श्रेयसनं मान हलवली. शुक्रवारी दुपारी व्हेंटिलेटर काढायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी श्रेयस लॅपटॉप घेऊन आला. यंत्र परत करण्याआधी त्यातल्या सरांच्या फायली पुसायच्या होत्या. ताई डॉक्टरांकडे गेली होती. त्यानं लॅपटॉप जोडला आणि फायलींची नावं पडद्यावर आणली. फाईल वाचायची परवानगी नसली तरी तिचं नाव आणि आकारमान दिसतं. पेटीला कुलूप असलं तरी पेटी केवढी आहे ते दिसावं तसं.

सरांच्या शब्दांची फाईल प्रचंड होती. गप्प झालेल्या माणसाची फाईल एवढी कशी? त्यानं पुन्हा पाहिलं तर आकडा आणखी वाढला होता.

मग त्यानं परवानगीच्या खुणा पाहिल्या. मालकाला लिहिता येतं, वाचता येत नाही. बाकी कुणाला काहीच नाही. त्याला आकडेमोड करायचीही गरज पडली नाही. सहाशे चाळीस आठाच्या मोजणीत एक-दोन-शून्य-शून्य होतात. पहिल्या एकाचा इथे काही संबंध नाही. दोन म्हणजे नुसतं लिहिणं. शून्य म्हणजे घरच्यांना दार बंद, आणि फाईल वाचून बोलणारा प्रोग्रॅम घरच्यांतच मोडत होता.

"बाबा," तो कसाबसा म्हणाला. आकडा वाढला.

ठोके असतील, खरखर असेल, असं अजूनही म्हणता आलं असतं. श्रेयसला तसं म्हणायचंही होतं हो. "बाबा, एकोणतीसचा पाढा म्हणा."

आकडा हलला आणि थांबला. हलला आणि थांबला. एकोणतीस एके, दुणे, त्रिक... अगदी पाढ्याच्या ठेक्यात, बरोबर दहा वेळा, आणि मग स्तब्ध.

श्रेयस खुर्चीत बसलाच. माझे बाबा तीन आठवडे बोलताहेत. आणि उद्या आम्ही...

त्यानं सानियाला फोन लावला. का लावला ते त्यालाही सांगता आलं नसतं. फोन स्पीकरला टाकून सगळं एका दमात सांगून टाकलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणेल म्हणून तो वाट पाहत होता. ती म्हणाली, "सर, शून्य द्या आणि चालू करा ना लगेच."

"चालू केलं की पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलेल ते. ओळीनं. सानिया, मी त्यांच्यासमोर नाही नाही ते बोललोय. कालचा निर्णय त्यांच्यासमोर झालाय. मी आधी फाईल रिकामी केली तर? ते आजपासून नव्यानं बोलतील. त्यांनाही त्रास नको."

"त्यांना?" सानिया म्हणाली.

श्रेयसनं खाटेकडे पाहिलं.

"सर, तुम्हाला पुसता येतं, कारण सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत. पण फाईलचा मालक कोण आहे? तो समोर निजलाय. त्याला विचारा."

सानियाच्या चार ओळींत दुसरं काय होतं? थांबा आणि विचारा, एवढंच. त्यानं फोन ठेवला आणि खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बाबा, चूक माझी आहे. आकड्याच्या आधीचं शून्य राहिलं माझ्याकडून. डावीकडचं. म्हणून तुमचा आवाज बंद झाला. आजार नव्हता तो, मी होतो." "तुमचं बोलणं सगळं साठलंय. पुसायचं असेल तर काही बोलू नका. ठेवायचं असेल तर बोला, काहीही बोला."

आकडा धावत सुटला. थांबेचना!

त्यानं शून्य लिहिलं. आधी शून्य, मग सहा, चार, शून्य. रात्रीची वाट न पाहता घडी लगेच फिरवली. आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून तीन आठवड्यांपूर्वीचा आवाज आला, "सिस्टर, पांघरूण नको, अंग भाजतंय नुसतं. सिस्टर? अहो, माझा आवाज येत नाही का?"

दारात गार्गीताई उभी होती. हातातले कागद खाली पडले. "बाबा!"

"हे जुनं आहे, ताई. पहिल्या दिवसाचं," श्रेयस म्हणाला. "ते बोलतच होते. आपल्याला ऐकू येत नव्हतं. माझ्यामुळे. आकडा मी चुकीचा भरला."

ताईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती ओरडली नाही, रागावलीही नाही. ती एवढंच म्हणाली, "श्रेयस, उद्या शुक्रवार होता रे."

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर त्यानं आनंदानं घेतली असती.

मधली शांतता फाईलमध्ये नव्हती, बोलणं तेवढं होतं. ते एकामागून एक येत राहिलं. श्रेयसला शेवटाला उडी मारता आली असती, पण तो बसून राहिला. बाबांनी तीन आठवडे ऐकून घेतलं होतं, आता त्याची पाळी होती. ऐकताना त्यानं एकदाही कानावर हात नेला नाही.

"अहो, बटण बघा कुणीतरी." "गार्गी, रडू नकोस, मी आहे गं इथं." "कांबळे सिस्टर गातात छान, पण दुसऱ्या कडव्याला चढतात." "हा कोण म्हणतोय, सुटले तर बरं? तूच सूट आधी." ताईला हसू फुटलं आणि हसता हसता तिचा पदर डोळ्यांना गेला. दिवस सरत गेले तसा आवाज कमी बोलू लागला. एके ठिकाणी नुसते पाढेच होते, दोनापासून तीसपर्यंत. वेड लागू नये म्हणून म्हटलेले असणार.

मग तो सोमवार आला. श्रेयसनं ताईकडे पाहिलं नाही. आवाज म्हणाला, "खरं बोललास. पण तुला खरं बोलता यावं म्हणून मला प्रेत व्हावं लागलं. हे काही बरं झालं नाही श्रेयस, तुझं नाही, माझंही नाही."

आणि बुधवार. "नको. डॉक्टर, नको. गार्गी, अगं नको. श्रेयस, मान हलवू नकोस, वर बघ. मला अजून ऐकायचंय तुमचं. नको रे." एवढंच पुन्हा पुन्हा. ताई उठून खिडकीशी गेली आणि गजांना धरून उभी राहिली. श्रेयसला वाटलं, हे 'नको' आता आपल्याला मरेपर्यंत ऐकू येणार. येऊ दे. आपल्या हातचंच आहे ते.

शुक्रवारी, ज्या सुमाराला व्हेंटिलेटर काढायचं ठरलं होतं त्या सुमाराला, डॉक्टर आले आणि तेही भिंतीला टेकून ऐकू लागले. एकोणतीसचा पाढा आला, न चुकता. त्याच्या पाठोपाठ ते भराभर धावलेलं उत्तर आलं.

"पुसू नकोस. अजिबात पुसू नकोस. फुकट बोललेलो नाही मी एवढं. आणि शून्याचं म्हणतोस, तर डावीकडच्या शून्याला किंमत नसते हे तुला मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं. आणि चारचौघांत शिकवलं, पोह्यांच्या बशा हातात असताना. तुझा चेहरा पाहिला होता मी तेव्हा. माफी मागायची ती राहूनच गेली. आता त्या फोनवरच्या पोरीला आधी कळव. तिचं उत्तर बरोबर होतं."

श्रेयसनं शिव्यांची तयारी केली होती. याची केली नव्हती.

त्यानं सानियाला फोन लावला. घडीत तिच्या चार ओळी परत घाल, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. "हॅलो सर? हॅलो?" ती विचारत राहिली. श्रेयसनं तोंड उघडलं, पण घशातून शब्द फुटेना.

जुनं सगळं बोलून संपलं होतं. आता जे येणार ते आत्ताचं. बाबांनी हळूच विचारलं, "श्रेयस, आवाज येत नाही रे तुझा?"